विषय क्रमांक चार

"तू फक्त हात वर करायचा," बाबा म्हणाले. "देवरे सर विचारतील, मंजूर आहे का. तू हात वर कर. बाकी काही बोलायचं नाही."

ते शर्टाला इस्त्री करत होते. आई गेल्यापासून स्वतःचे कपडे स्वतःच करत होते आणि कॉलर दर वेळी उलट्या बाजूला दुमडली जात होती. मी ओट्याशी भाजी निवडत उभी होते.

"आणि विषय क्रमांक चार?" मी विचारलं.

"तो तिच्याबरोबर गेला."

"नोटिशीत आहे अजून."

"नोटीस ती असताना निघाली होती." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "वृंदा, हे बघ. या लोकांनी तिच्यासाठी सभा महिनाभर पुढे ढकलली. आता त्यांना आणखी ताटकळत ठेवू नकोस. होऊ दे एकदाचं. लिफ्ट येऊ दे."

लिफ्ट. महिनाभर आमच्या घरात हाच शब्द होता. भेटायला येणारा प्रत्येक जण तीन मजले चढून धापा टाकत यायचा, पाणी प्यायचा, आणि मग बाबा सांगायचे: अॅम्ब्युलन्सच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून उतरवलं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली, पुढे सरकेना, मागे येईना. लिफ्ट असती तर ती वेळेत पोचली असती. ऐकणारा मान हलवायचा. मीही ही हकिगत मावशीला, आत्याला, आईच्या मैत्रिणींना फोनवर सांगितली होती. सांगून सांगून ते वळण मला पाठ झालं होतं. त्यातला लोखंडी कठडासुद्धा.

आमची सोसायटी नाशिकमधल्या शिक्षकांनी मिळून उभी केलेली. चार इमारती, तीन-तीन मजले, मध्ये मैदान, आणि भिंतीपलीकडे महापालिकेची शाळा. आई त्याच शाळेत शिकवायची. घर तिच्या पगारावर, तिच्या नावावर. बाबा वीज मंडळात, निम्मी नोकरी बदलीच्या गावी गेलेली. सोसायटीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. ते 'खैरनार बाईंचे मिस्टर' होते, आणि ते त्यांना आवडायचं.

घराला वारस कोण लावायचा, हा प्रश्न आला तेव्हा बाबांनीच निकाल लावला होता. "मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा," ते आईला म्हणाले होते. "मी आधी जाणार हे ठरलेलंच आहे. माझं नाव घाल आणि मग पुन्हा बदल, एवढी कटकट सांगितलीय कुणी? पोरीचं घाल." आईनं माझं नाव घातलं. त्यामुळे आता अकरा नंबरची सभासद मी होते. मी पुण्याला भाड्याच्या घरात राहत होते. बाबा इथं आयुष्य काढून बसले होते, आणि त्यांना मत नव्हतं.

सोसायटी पाडून नवी बांधायची होती. बिल्डर सभासदांना मोठं घर देणार होता, एक वाढीव खोली धरून. त्याबदल्यात मैदानाच्या जागी पार्किंगचे मजले आणि त्यावर एक उंच इमारत. तिच्यात विकायला तीन-तीन बेडरूमची घरं. आईचं म्हणणं होतं, तेवढ्याच बांधकामात दुप्पट घरं काढा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. नव्यानं लागलेल्या शिक्षकाला, नर्सला, दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला हप्ता झेपेल अशी. मैदान राहू द्या. सभासदांना मात्र वाढीव खोली सोडावी लागेल. दोन वर्षांत दोनदा तिनं घरोघर जाऊन सभासदांना थोपवलं होतं आणि बिल्डरला लागणारी तीन चतुर्थांश संमती पुरी होऊ दिली नव्हती. तिसऱ्यांदा तिनं आपला प्रस्तावच सभेपुढे ठेवला. विषय क्रमांक चार. बिल्डरच्या आराखड्याच्या आधी. तो मंजूर झाला तर आराखडा नव्यानं करावा लागणार होता.

"तुम्हाला तिचं म्हणणं पटत नव्हतं?" मी विचारलं.

"पटायचं काय त्यात." बाबांनी शर्ट हँगरला लावला. "चांगल्या गोष्टी पटतातच. पण माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत असतो."

---

सभा शाळेतच होती, पहिली 'ब'च्या वर्गात. तो वर्ग रिकामा होता म्हणून सोसायटीला मिळायचा. रिकामा होता कारण पहिलीची दुसरी तुकडी बंद पडली होती. भिंतीवर अजून बाराखडीचा तक्ता होता, आणि साठीसत्तरीची माणसं गुडघे छातीशी घेऊन लहान मुलांच्या बाकांवर बसली होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांचा सगळा जन्म अशाच खोल्यांत गेला होता.

टेबलामागे अध्यक्ष देवरे सर. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. शेजारी सचिव पगार सर, अजून नोकरीत असलेले, गणिताचे. कोपऱ्यात बिल्डरकडून आलेला इंजिनियर भामरे लॅपटॉप उघडून बसला होता. बाबा मागच्या खिडकीशी, सभासद नसलेल्यांसाठी ठेवलेल्या बाकावर. तिथं ते एकटेच होते.

आमच्या सोसायटीत हजेरी घ्यायची पद्धत होती. दुसरीकडे लोक सही करतात. इथं पगार सर घर नंबर आणि नाव पुकारायचे आणि समोरून 'हजर' यायचं. मी लहान असताना आम्ही मुलं खिडकीतून हे बघत हसायचो.

"नऊ नंबर. सोनवणे सर."

"हजर, हजर. देह तरी हजर आहे."

"दहा नंबर. अहिरे मॅडम."

"हजर."

"अकरा नंबर. खैरनार बाई."

पगार सरांना आपण काय बोललो ते लगेच कळलं. पेन वहीवर टेकलेलं राहिलं. माझ्या मागं कुठंतरी बाबा होते आणि मी वळून पाहू शकत नव्हते.

"हजर," मी म्हणाले.

"माफ करा, वृंदाताई," पगार सर म्हणाले. "सवयीनं झालं."

"बारा नंबर घ्या," माझ्या पुढच्या बाकावरून वाघबाई म्हणाल्या. "हजर."

वाघबाई दुसऱ्या मजल्यावरच्या. आईची शाळेतली जोडीदारीण. दोघी तीस वर्षं एकत्र डबा खायच्या. गेली दोन वर्षं नव्या इमारतीवरून बोलणं तुटलं होतं. वाघबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते, भाजीवाल्यासाठी त्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या. आई गेली त्या दिवशी मात्र सगळ्यात आधी त्याच वर आल्या होत्या. कशा चढल्या कोण जाणे. आईची ओटी त्यांनीच भरली.

मागच्या सभेचा वृत्तांत, हिशेब, टाकीची दुरुस्ती. पहिले तीन विषय भराभर झाले. मग देवरे सरांनी चष्मा पुसला आणि उभे राहिले.

"विषय क्रमांक चार. हा विषय आपल्या कैलासवासी खैरनार बाईंचा. बाई गेल्या. आपली सोसायटी पोरकी झाली." त्यांचा आवाज खरंच जड झाला होता. "आता नियमानुसार मांडणारा सभासद सभेत नसेल, तर विषय आपोआप रद्द होतो. आणि माझी खात्री आहे, बाई आज असत्या तर एवढा उशीर झालेला बघून त्यांनीच तो मागे घेतला असता. तेव्हा आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून विषय पाचकडे—"

लोक उठायला लागले होते. बाकांचे आवाज झाले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि दुःखाच्या खाली सुटका होती. देवरे सर वाईट माणूस नव्हते. ते मनापासून बोलत होते. पण आईनं कधी काही मागे घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सर, मी मांडते," मी म्हणाले.

अर्धवट उठलेली माणसं तशीच थांबली.

"काय मांडतेस, बेटा?"

"विषय चार. अकरा नंबरचा सभासद हजर आहे. पगार सरांनी हजेरी लावलीय."

पगार सरांनी वहीत पाहिलं. "लावलीय," ते म्हणाले.

मागून बाबांचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू जावा एवढाच. "वृंदा. बस खाली."

मी बसले नाही.

"ठीक आहे," देवरे सर म्हणाले. "सूचक, वृंदा. अनुमोदन कोण देतंय?"

अनुमोदन नसेल तर प्रस्ताव मताला जात नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ही माणसं बाकाकडे पाहायला लागली. मुलं उत्तर येत नसलं की पाहतात, तशी.

"आधी चर्चा तरी होऊ द्या," सोनवणे सर म्हणाले. पीटीचे होते, आवाज अजून मैदानावरचा. "पोरीला वाटायला नको, ऐकून घेतलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. दुप्पट घरं म्हणजे दुप्पट मोटारसायकली, जिन्यात दुप्पट चपला, आणि दिवसभर पोरं बोंबलणार."

"पोरं बोंबलली म्हणून तर तुमची शिट्टी चालली, सर," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"तेव्हा पगार मिळत होता बोंबलण्याचा! आता झोप हवीय."

"आणि चाळ होईल हो," अहिरे मॅडम म्हणाल्या. "नाव सोसायटी आणि आत चाळ. आज दोन खोल्या घेतील, उद्या भाड्यानं देतील. कोण येईल, कोण जाईल, काही पत्ता नाही."

"मॅडम, मी भाडेकरूच आहे," मी म्हणाले. "पुण्यात."

"अगं, तुझं नाही म्हणत मी."

"माझंच म्हणा. दर अकरा महिन्यांनी घर बदलतो आम्ही. माझी मुलगी, रेणू, पहिलीत आहे. शाळेत पत्ता पाठ करायला सांगतात. ती आधीच्या घराचा सांगते. कधी त्याच्या आधीच्या."

भामरेनं लॅपटॉपवरून मान वर केली. तो तिशीचा असेल, नीट बोलणारा. "ताई, तुमचा मुद्दा मला कळतो. पण छोटी घरं परवडत नाहीत. प्रत्येक घराला वेगळं बाथरूम, वेगळा मीटर, वेगळे पाइप. खर्च वाढतो आणि भाव मिळत नाही. या भागात मार्केट थ्री बीएचकेचं आहे."

"मार्केट म्हणजे कोण?"

"जो घेऊ शकतो तो."

"तुम्ही कुठं राहता, भामरे?"

तो जरा हसला. "सातपूरच्या पुढे. भाड्यानं."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी लवकर विरला.

"इथं बसलेल्यांपैकी," मी म्हणाले, "कुणाच्या मुलाला या भागात घर घेता आलंय?"

"माझा मुलगा बंगळूरला आहे," देवरे सर म्हणाले.

"धाकटा, सर?"

"धाकटा... पार शहराबाहेर, आडगावच्या पलीकडे."

"नात कुठल्या शाळेत आहे त्याची?"

"हा सभेचा विषय नाही, वृंदा."

"आई म्हणायची, हाच विषय आहे. ही तुकडी बंद पडली ती मुलं जन्माला येत नाहीत म्हणून नाही. त्यांचे आईबाप इथं राहू शकत नाहीत म्हणून. आपण ज्या बाकांवर बसलोय ते बाक—"

"पुरे."

वाघबाई उभ्या राहिल्या. समोरच्या बाकाला दोन्ही हात टेकून, एकेक गुडघा सरळ करत. मला त्यांच्याशी नजर मिळवावी लागली.

"तू दोन दिवसांनी पुण्याला जाशील," त्या म्हणाल्या. "जिना मी चढणार आहे. तुझ्या आईनं मला शाळा सांगितली, मैदान सांगितलं, पहिलीतली पोरं सांगितली. मी म्हटलं, कुमुद, तुझी पोरं मला उचलून वर नेणार आहेत का? बाथरूमला जाताना भिंत धरते मी. चार महिने झाले, बाहेरचा रस्ता पाहिलेला नाही. आज या सभेला मला दोघांनी धरून आणलंय."

"बाई, बसून बोला," पगार सर म्हणाले.

"नाही बसत. पुन्हा उठवणार नाही." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज चिरका झाला होता. "दोन वर्षांपूर्वी तिनं संमती होऊ दिली असती, तर आज लिफ्ट असती. मी वर-खाली केलं असतं, आणि ती... अगं, ती जिवंत असती! खुर्ची अडकली नसती. स्वतःच्या हट्टापायी गेली तुझी आई. सगळे मनात म्हणतायत, मी तोंडानं बोलते. आणि तू तोच हट्ट घेऊन उभी आहेस."

ते सगळे मनात हेच म्हणत होते. महिनाभर आमच्या बैठकीत बसून, पाणी पीत, मान हलवत ते हेच समजले होते. लिफ्ट नव्हती. लिफ्ट कुणी अडवली होती? मला हे पहिल्यांदाच सरळ ओळीत दिसलं. ती ओळ आमच्याच घरातून निघाली होती.

मी बसणार होते.

"वाघबाई, खुर्ची अडली नव्हती."

बाबा उभे होते. खिडकीशी, मघाच्या इस्त्रीच्या शर्टात.

"खैरनार साहेब," देवरे सर हळूच म्हणाले, "तुम्ही सभासद नाही. बोलता येणार नाही. नोंद घेता येत नाही."

"नोंद नका घेऊ." ते वाघबाईंकडेच बघत होते. "दोघं तरुण होते. सवयीचे. कुठं टेकले नाहीत, कुठं अडले नाहीत. मी चपला शोधत होतो, त्या सापडेपर्यंत ती खाली गाडीत होती."

"पण तुम्हीच तर सांगितलंत..."

"हो. मीच सांगितलं. सगळ्यांना मीच सांगितलं. या पोरीलाही."

वाघबाईंनी बाकावरची पकड सोडली नाही. भामरेनं हळूच लॅपटॉपचं झाकण लावलं.

"तिला आदल्या रात्रीपासूनच दुखत होतं," बाबा म्हणाले. ते भरभर बोलत होते, कुणी थांबवायच्या आत संपवायचं असल्यासारखे. "छातीत जड वाटतंय म्हणाली. म्हणाली, डॉक्टरांना फोन करा. मागच्या खेपेला असंच झालं होतं, धावत नेलं, हृदयाची पट्टी काढली, काही निघालं नाही. मी म्हटलं, ओवा खा, पड जरा. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, सकाळी बघू. आणि मी झोपलो. झोप लागली मला. चांगली गाढ लागली. पहाटे उठलो तर ती खुर्चीत बसून होती, घामानं भिजलेली. मला उठवलं नव्हतं."

ते थांबले. मला वाटलं संपलं.

"डॉक्टर म्हणाले, रात्री आणायला हवं होतं. जिन्याचं कुणी विचारलंही नाही. लिफ्ट असती तरी मी सकाळीच आणलं असतं." त्यांनी एक हात खिडकीच्या गजाला धरला. "मला काहीतरी सांगायला हवं होतं लोकांना. लिफ्ट बरी होती. तिच्यावर कुणी उलटा सवाल करत नाही. पण त्याचं माप तिच्या पदरात पडतंय, हे मला कळलं नाही. आत्ता कळलं. तेव्हा तिचा विषय पाडायचा असेल तर पाडा. खोली हवी म्हणून पाडा, पोरं नकोत म्हणून पाडा. लिफ्टच्या नावानं पाडू नका."

ते बसले. बाक लहान होता, त्यांचे गुडघे वर आले.

देवरे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि परत घातला. वर पंखा फिरत होता. मी बाबांकडे पाहिलं नाही. मी उभीच होते, कारण बसायचं कसं ते मला सुचत नव्हतं.

"अनुमोदन," वाघबाई म्हणाल्या.

पगार सरांना ऐकू आलं नसावं. "काय, बाई?"

"अनुमोदन देतेय मी. बारा नंबर. लिहा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं ते मी बघेन. पण मताला तर जाऊ दे तिचं म्हणणं. तीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंय तिनं."

हात वर झाले. पगार सरांनी मोजले, मग पुन्हा मोजले, मग देवरे सरांना मोजायला लावले. सोनवणे सरांचा हात वर होता आणि ते तिसरीकडेच बघत होते. देवरे सरांनी विरोधात मत दिलं आणि स्वच्छ आवाजात निकाल सांगितला. विषय क्रमांक चार मंजूर झाला होता. अगदी थोडक्यात. वाघबाईंचा हात वर होता की नाही, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

पुढचं सगळं लांबत गेलं. भामरेचा बिल्डर गेला, दुसरा आला, तो अर्ध्यावर भांडला. आराखडे तीनदा बदलले. मैदान थोडं कापलं गेलं. घरं आईनं म्हटली होती तेवढी झाली नाहीत, पण छोटी झाली, आणि त्यांत माणसं राहायला आली. इमारत पाडायला घेईपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, बाबा तोच जिना चढत-उतरत राहिले. नव्या घरात त्यांना सहा वर्षं मिळाली. येत्या कार्तिकात त्यांना जाऊन वर्ष होईल. मी तिथं गेले की लोक माझ्याशी आई-बाबांबद्दल चांगलं बोलतात. नव्या लोकांना यातलं काही माहीत नाही, आणि जुन्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मलाही आता सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सभा संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा माझ्या आधी बाहेर पडले. मैदानात मी त्यांना गाठलं. आम्ही बरोबरीनं चालत राहिलो. मी त्यांचा हात धरला नाही आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू आमच्या पायांशी आला, तो बाबांनी उचलून परत टाकला.

"विचार," ते म्हणाले.

"काय?"

"काय विचारायचं असेल ते. आत्ता विचार. उद्या मी सांगू शकेन की नाही, माहीत नाही."

मला विचारायचं होतं, तुम्ही झोपलात कसे. मला विचारायचं होतं, ती खुर्चीत बसून रात्रभर कशाकडे बघत असेल. आणि मला हेही कळत होतं की यातलं काहीही विचारलं तर या माणसाला उत्तर द्यावं लागेल.

"पहाटे," मी म्हणाले, "गाडी येईपर्यंत. ती काही बोलली?"

"बोलली."

"काय?"

ते जिन्याच्या तोंडाशी थांबले. पहिल्या पायरीवर पाय ठेवून, कठड्याला हात लावून.

"म्हणाली, वृंदाला इतक्यात कळवू नका. रेणूचा आज शाळेचा पहिला दिवस आहे. पोरीला वर्गात सोडून येऊ दे. मग सांगा."

त्या दिवशी मला फोन आला तेव्हा दुपार झाली होती. आई सकाळीच गेली होती. इतका वेळ मला का कळवलं नाही, याचा राग मी महिनाभर गिळून बसले होते, आणि तो राग त्यांना दिसत होता.

"म्हणून दुपारी केला," बाबा म्हणाले. "तेवढं एक ऐकलं तिचं."

आणि ते जिना चढायला लागले.